पडीक भूखंडांचे करायचे काय?

शेंदूरजना नावाची गावे वऱ्हाडात एकाहून अधिक आहेत. तिवसा तालुक्यात शेंदूरजना बाजार आहे, वाशीम जिल्ह्यात शेंदूरजना आढाव आहे. वरुड तालुक्यातील शेंदूरजनाघाट मात्र संत्र्याच्या कलमांमुळे साऱ्या महाराष्ट्राला आणि शेजारच्या राज्यांनाही ठाऊक आहे. सातपुड्याच्या पायथ्याशी वसलेल्या या गावाच्या उत्तरेला डोंगर आणि मध्य प्रदेशाची हद्द, उरलेल्या बाजूंना बागा आणि रोपवाटिका. गाव आता केवळ गाव राहिलेले नाही. येथे नगर परिषद आहे, आणि जेथे नगर परिषद येते तेथे शेतजमीन अकृषक होते, 'ले-आऊट' पडतात, मुरमाचे रस्ते आखले जातात आणि सिमेंटचे खुंट रोवलेले भूखंड वर्षानुवर्षे घराची वाट पाहत पडून राहतात.

या भूखंडांवर आणि त्यांच्यामधल्या मोकळ्या जागांवर नेमके काय चालते, याकडे फारसे कोणी पाहत नाही. पावसाळ्यात तेथे कंबरभर गवत वाढते, हिवाळ्यात ते वाळते, उन्हाळ्यात कोणीतरी त्याला काडी लावतो. मधल्या काळात आसपासच्या घरांतला कचरा तेथे येऊन पडतो. एखाद्या दिवशी साप निघतो, मग अर्ज दिला जातो, नगर परिषद जेसीबी पाठवते, सारे भुईसपाट होते आणि पुढच्या पावसात गवताच्या जागी गाजरगवत उगवते. अमरावती, अकोला यांसारख्या महानगरांत असो वा शेंदूरजनाघाटसारख्या लहान शहरात, हे चक्र सर्वत्र सारखेच आहे.

अशा जागांविषयी दोनच मते ऐकू येतात. पहिले, ही घाण आहे, साफ करा. दुसरे, येथे बगीचा करा. तिसऱ्या पर्यायाची चर्चा होत नाही. ती जागा आहे तशीच, पण देखरेखीखाली ठेवता येते. तेथे पाखरे राहू शकतात, शेजारच्या घरांना धोका पोचत नाही आणि खर्चही फारसा येत नाही. मात्र त्यासाठी कोणता भाग कसा ठेवायचा आणि गवत कधी कापायचे, एवढे तरी ठरवावे लागते.

आधी जागा कोणाची हे पाहिले पाहिजे, कारण बहुतेक गोंधळ तेथूनच सुरू होतो. खासगी भूखंड हा एक प्रकार. दुसरा प्रकार ले-आऊटमधील सार्वजनिक खुल्या जागेचा. राज्यात २०२० च्या डिसेंबरात लागू झालेल्या एकात्मिकृत विकास नियंत्रण व प्रोत्साहन नियमावलीनुसार ०.४ हेक्टर किंवा त्याहून मोठ्या जमिनीचा अभिन्यास मंजूर करताना दहा टक्के जागा खुली ठेवणे बंधनकारक आहे. त्यापूर्वीच्या नियमांतही अशी तरतूद होतीच. एक हेक्टरच्या ले-आऊटमध्ये हे दहा टक्के म्हणजे एक हजार चौरस मीटर, अर्थात साधारण दहा गुंठे. कागदावर ही जागा हिरव्या रंगाने दाखवलेली असते. प्रत्यक्षात तिच्यावर समाजमंदिर, व्यायामशाळा, पाण्याची टाकी, क्वचित कोणाची तरी गुरे किंवा ट्रॅक्टर असतो, आणि उरलेल्या तुकड्याची जबाबदारी भूखंडधारकांची की नगर परिषदेची, हे दोघेही एकमेकांना विचारत राहतात.

तिसरा प्रकार खास वऱ्हाडातला. पश्चिम महाराष्ट्रात ज्याला गायरान म्हणतात त्याला आपल्याकडे ई-क्लास म्हणतात. वऱ्हाडच्या जुन्या महसुली वर्गवारीत सरकारी जमिनींना अक्षरे दिली गेली. त्यातले 'ई' हे अक्षर गुरचराईसाठी राखलेल्या जमिनीचे. इंग्रज गेले, वर्गवारीचा कायदा बदलला, पण तलाठ्यापासून गुराख्यापर्यंत सर्वांच्या तोंडी 'ई-क्लास' हाच शब्द राहिला. शहराची हद्द वाढली की यातले काही तुकडे वस्तीच्या कुशीत येतात आणि मग सर्वांची नजर त्यांवर पडते. सर्वोच्च न्यायालयाने जगपाल सिंग विरुद्ध पंजाब राज्य या प्रकरणात २८ जानेवारी २०११ रोजी गावाच्या सामायिक जमिनींवरील अतिक्रमणांविषयी कठोर निर्णय दिला, आणि त्याच वर्षी जुलैमध्ये महाराष्ट्र शासनानेही गायरान जमिनींच्या वापराविषयी शासन निर्णय काढला. कायद्याने जमीन वाचवण्याची सोय आहे. पण वाचवलेल्या जमिनीचे रोज काय करायचे, हे कायदा सांगत नाही. नाल्यांचे काठ हा चौथा प्रकार. त्यांच्याबाबत तर कोणी विचारतही नाही.

आता भीतीविषयी. रिकाम्या जागेत पाखरे राहतात असे सांगणाऱ्यांना ज्यांचे घर त्या जागेला लागून आहे त्यांचा राग येतो, आणि तो राग रास्त आहे. ज्या घरातली लहान मुले अंधारात अंगणात जातात त्या घराला सुगरणीचे कौतुक सांगून उपयोग नाही. २००० ते २०१९ या वीस वर्षांत भारतात सर्पदंशाने सुमारे बारा लाख माणसे मेली, म्हणजे वर्षाला सरासरी ५८ हजार, असा अंदाज २०२० साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात मांडण्यात आला. त्यातले बहुसंख्य मृत्यू खेड्यापाड्यांतले होते. नाग, मण्यार, घोणस आणि फुरसे हे चारही प्रमुख विषारी साप महाराष्ट्रात सापडतात. तेव्हा भीती खोटी नाही. प्रश्न एवढाच, की साप वस्तीजवळ कशामुळे येतो?

तो उंदरामागे येतो आणि आडोशासाठी थांबतो. उंदीर उरलेल्या अन्नावर, सांडलेल्या धान्यावर आणि कुजक्या फळांवर वाढतात. आडोसा विटांचे ढीग, बांधकामाचा मलबा, जुने पत्रे आणि लाकडे देतात. म्हणजे सापाला वस्तीजवळ बोलावणाऱ्या बहुतेक गोष्टी माणसाने आणून टाकलेल्या असतात. मण्यार तर रात्री घरात शिरून जमिनीवर झोपलेल्याला चावते. तिचा संबंध अंगणातल्या गवताइतकाच भिंतीतल्या भोकांशी आणि अंथरुणाशी आहे. घोणशीचे तसे नाही. ती गवतात आणि पाचोळ्यात दडून राहते, म्हणून भिंतीला व पायवाटेला लागून गवत आखूड असलेच पाहिजे. पण भिंतीपासून वीस-पंचवीस मीटर दूरचे गवत कापल्याने त्या घराची सुरक्षितता फारशी वाढत नाही. कचरा तसाच ठेवून केवळ गवत काढले, तर उंदीर राहतात, साप राहतात, आणि उंदरांना खाणाऱ्या पिंगळा व गव्हाणी घुबड यांचा आसरा मात्र जातो.

डासांचेही असेच. डेंग्यू पसरवणारा एडिस डास गवतात अंडी घालत नाही. त्याला साठलेले, बऱ्यापैकी स्वच्छ पाणी लागते. टाकून दिलेले टायर, नारळाच्या करवंट्या, प्लास्टिकचे पेले, फुटकी कुंडी, झाकण नसलेली टाकी. पावसाळ्यात मोकळ्या जागेतून एक टायर उचलणे हे फवारणीच्या एका फेरीपेक्षा अधिक उपयोगाचे असू शकते. दुर्दैवाने फवारणीची बातमी होते, टायर उचलल्याची होत नाही.

आणि बिबट्या. शेंदूरजनाघाटच्या माणसाला बिबट्याविषयी शहरी वाचकाप्रमाणे नवलाने सांगण्याची गरज नाही. सातपुड्याचे रान आणि महेंद्रीचे जंगल याच तालुक्यात आहेत. पण अमरावतीकरांनाही आता तो अनोळखी राहिलेला नाही. संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठाच्या विस्तीर्ण आवारात, वडाळी आणि पोहऱ्याच्या जंगलाला लागून असलेल्या भागात त्याचा वावर वेळोवेळी दिसून आला आहे. बिबट्या वस्तीजवळ का राहतो, याचे उत्तर संशोधक विद्या अत्रेय आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अहमदनगर (आताच्या अहिल्यानगर) जिल्ह्यातील अकोले भागात शोधले. उसाच्या शेतांच्या आणि दाट वस्तीच्या त्या प्रदेशात बिबट्याच्या विष्ठेची तपासणी केली असता, त्याच्या आहारात वजनाच्या हिशेबाने ८७ टक्के वाटा पाळीव प्राण्यांचा आणि त्यातही ३९ टक्के एकट्या कुत्र्यांचा असल्याचे २०१४ साली प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासात दिसून आले. जेथे कचरा तेथे कुत्री व डुकरे, आणि जेथे कुत्री व डुकरे तेथे बिबट्या, ही साखळी इतकी सरळ आहे. बिबट्या पकडून दुसरीकडे सोडण्याचा मार्ग जुन्नर परिसरात २००१ नंतर वापरून झाला आहे. त्याच संशोधकांनी दाखवून दिले, की त्यानंतर जेथे ते सोडले गेले त्या भागांत माणसांवरील हल्ले वाढले. पिंजऱ्याची मागणी करण्यापूर्वी कचऱ्याच्या गाडीची मागणी करणे शहाणपणाचे, असे म्हणावे लागेल.

मग 'बगीचा करा' या दुसऱ्या मतात वाईट काय? बगीचा वाईट नाही. मुलांना झोका, वृद्धांना बाक हवाच. पण सरकारी कागदावर 'सौंदर्यीकरण' हा शब्द आला की त्याचा अर्थ ठरलेला असतो. सभोवती भिंत, आत सिमेंटचे पेव्हर, मधोमध हिरवळ, कडेने एका जातीची शोभेची झाडे आणि बंद पडलेले कारंजे. हिरवळीला रोज पाणी लागते. वरुड आणि मोर्शी हे तालुके भूजलाच्या अतिउपशासाठी राज्यभर ओळखले जातात. संत्र्याच्या बागांसाठी शेकडो फूट खोल बोअर गेले, दुष्काळी वर्षांत उभ्या बागा वाळल्या आणि शेतकऱ्यांनी आपल्याच हाताने झाडे तोडली. ज्या तालुक्यात झाड जगवायला पाणी नाही तेथे लॉन जगवण्यासाठी बोअर घ्यावा, ही कल्पनाच विचित्र आहे. उलट गवताने झाकलेली, चढउतार असलेली मोकळी जमीन पावसाचे पाणी थोपवते, ते जमिनीत मुरायला वेळ देते. पेव्हर ते नाल्याला लावून मोकळे होतात.

आणि त्या दुर्लक्षित तुकड्यावर राहते कोण? टिटवी उघड्या, खडकाळ जमिनीवरच अंडी घालते. घरटे असे काही बांधत नाही, म्हणून उन्हाळ्यात जेसीबी फिरले की तिची अंडी कोणाच्या लक्षातही न येता चिरडली जातात. सुगरण पावसाळ्यात बाभळीच्या किंवा विहिरीवर झुकलेल्या झाडाच्या फांदीला खोपा बांधते आणि त्यासाठी लांब पात्याचे गवत फाडून आणते; श्रावणाच्या आधी गवत कापले तर खोप्याला धागाच उरत नाही. तित्तर काटेरी झुडपाच्या बुडाशी लपतो. मुंगूस, सरडे, बेडूक यांची यादी वाढवता येईल. फुलपाखरांची गोष्ट मात्र शेंदूरजनाघाटात वेगळ्याच रंगाची आहे. लिंबूवर्गीय झाडांच्या कोवळ्या पानांवर वाढणारी अळी हा येथील रोपवाटिकाधारकाचा शत्रू, आणि तीच अळी पुढे काळ्या-पिवळ्या देखण्या फुलपाखरात बदलते. महाराष्ट्राने २०१५ मध्ये राज्य फुलपाखरू म्हणून निवडलेल्या 'ब्लू मॉरमॉन'ची अळीही लिंबूवर्गीय पानांवर पोसते. कलमांवरची अळी वेचू नका असे रोपवाटिकावाल्याला सांगणे हास्यास्पद ठरेल. पण त्या अळीला खाणारे बुलबुल आणि कोतवाल ज्या झुडपांत राहतात ती झुडपे बांधावर ठेवण्यात त्याचाच फायदा आहे.

प्रत्यक्षात करायचे काय, तर वर्षाचे एक वेळापत्रक बांधायचे. पावसाळ्याच्या तोंडावर, म्हणजे मृगाच्या आधी, जागेतला प्लास्टिक कचरा, टायर आणि मलबा उचलायचा. ही वर्षातली सर्वांत महत्त्वाची साफसफाई. जून-जुलैत गाजरगवत फुलावर येण्यापूर्वी मुळासकट उपटायचे, हातमोजे घालून, कारण त्याने त्वचेला खाज आणि काहींना दमा होतो. पुण्याजवळ १९५० च्या दशकात प्रथम आढळलेले हे तण आज कोठे नाही, हे सांगणे अवघड आहे. त्याच्यावर जगणारा मेक्सिकन भुंगा भारतात १९८४ पासून सोडण्यात येतो, पण त्याचे काम पावसाळ्यापुरते. वऱ्हाडात एक सोपा सोबती आहे: तरोटा. तो दाट उगवला की गाजरगवताला जागा मिळत नाही, आणि त्याच्या कोवळ्या पाल्याची भाजी पहिल्या पावसानंतर येथल्या कितीतरी घरांत होतेच. मोकळ्या जागेत भरून आलेला तरोटा 'घाण' म्हणून खरडून टाकणारे मजूर नकळत गाजरगवताची मशागत करून जातात. रायमुनिया, म्हणजे घाणेरी, हीसुद्धा हळूहळू काढायची; पण एकदम नाही, कारण दुसरे झुडूप येईपर्यंत पाखरांचा आडोसा तीच असते.

ऑगस्ट-सप्टेंबरात घरांच्या कडेने आणि पायवाटांच्या दोन्ही बाजूंनी चार-पाच मीटरचा पट्टा आखूड कापायचा, मधले गवत तसेच ठेवायचे. लोकांची नजर जाऊ शकेल एवढा मोकळेपणा कडेला हवा. आत एखाद्याला लपून बसता येईल अशी जागा रस्त्यालगत असेल, तर तेथून संध्याकाळी जाणाऱ्या मुली आणि महिला ती जागा नष्ट करण्याचीच मागणी करतील, आणि ती मागणी योग्यच असेल. मधले गवत दिवाळीनंतर, बी झडून गेल्यावर कापायचे, तेही निम्मे. उरलेले निम्मे पुढच्या वर्षी. यामुळे कोणत्याही वेळी कोठेतरी उभे गवत शिल्लक राहते. कापलेला चारा गोरक्षणाला किंवा बकऱ्या-गायी पाळणाऱ्या कुटुंबांना देता येतो. पूर्वी कुरणातल्या गवताचा लिलाव होत असे. तो लहान प्रमाणावर पुन्हा सुरू झाला तर कापणीची मजुरी त्यातूनच निघू शकेल. फेब्रुवारीपूर्वी सभोवती जाळरेषा काढायची. या भागात उन्हाळ्यात गवताला लागलेली आग किती वेगाने जाते ते सर्वांना ठाऊक आहे, आणि ती पाहून हौसेने जागा पेटवणाऱ्यांना आवरणे हे या वेळापत्रकातले सर्वांत कठीण काम.

झाडे लावायची तर कोणती, या प्रश्नाचे उत्तर शेंदूरजनाघाटने बाहेर शोधण्याचे कारण नाही. जंभेरीच्या खुंटावर संत्र्याचा डोळा बांधणारे कुशल हात या गावात पिढ्यान् पिढ्या आहेत. त्यांच्यापैकी काहींनी सातपुड्याच्या पायथ्यावरून पळस, बोर, हिवर, बिबा, उंबर, करंज यांचे बी गोळा करून रोपे तयार केली, तर वृक्षलागवडीच्या शासकीय मोहिमांना दरवर्षी गुलमोहर आणि सुबाभूळ आणण्याची वेळ येणार नाही. अर्थात प्रत्येक मोकळ्या जागेवर झाडेच लावली पाहिजेत असा हट्ट नको. माळ हा माळच राहू देणे, हेही काही ठिकाणी योग्य असते.

अशा व्यवस्थापनाची उदाहरणे आहेत. मुंबईत धारावीजवळ मिठी नदीच्या काठी जेथे १९७७ पर्यंत शहराचा कचरा टाकला जात होता, तेथे ३७ एकरांवर महाराष्ट्र निसर्ग उद्यान उभे राहिले आणि १९९४ मध्ये ते लोकांसाठी खुले झाले. कचऱ्यावर माती टाकून, झाडे लावून, जगवून ही जागा घडवावी लागली. पुढे धारावी पुनर्विकास प्रकल्पाच्या हद्दीत ती येते की नाही यावरून वाद झाला, तेव्हा एवढी वर्षे वाढवलेल्या वनाचेही भवितव्य एका नकाशावर अवलंबून असते हे दिसून आले. पुण्यात समाविष्ट गावांमधील टेकड्यांवरचे जैवविविधता उद्यानाचे आरक्षण तर मोबदल्याच्या प्रश्नात वर्षानुवर्षे अडकले. जर्मनीची राजधानी बर्लिन येथे १९५२ मध्ये बंद पडलेल्या रेल्वे यार्डात आपोआप रान वाढले. ते तोडून पुन्हा यार्ड करण्याचा बेत नागरिकांनी हाणून पाडला आणि २००० साली त्या १८ हेक्टरांचे निसर्ग उद्यान झाले. तेथील गंमत अशी, की रान जसे वाढेल तसे वाढू दिलेले नाही. काही भाग वनासाठी सोडला, काही भाग मेंढ्या चारून मुद्दाम उघडा ठेवला, आणि माणसांसाठी जमिनीपासून उंच लोखंडी वाट बांधली.

शेंदूरजनाघाटच्या नगर परिषदेकडे बर्लिनएवढा पैसा नाही, हे उघड आहे. पण वरच्या वेळापत्रकात पैशाचे काम थोडेच आहे. मुख्य अडचण निर्णय कोण घेणार ही आहे. त्यासाठी नवी समिती नेमण्याचीही गरज नाही. जैविक विविधता अधिनियम, २००२ च्या कलम ४१ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक आहे आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही तयार करायची आहे. राष्ट्रीय हरित लवादाने ३१ जानेवारी २०२० ही मुदत घातल्यानंतर देशभर या नोंदवह्यांची घाई झाली. घाईत झालेली नोंदवही बहुधा कपाटात जाते. ती बाहेर काढून तिच्यात शहरातील खुल्या जागांची, ई-क्लासच्या तुकड्यांची आणि नाल्यांच्या काठांची यादी घालता येईल. कोणत्या जागेचा सातबारा कोणाच्या नावे आहे, कोठे टिटवीने अंडी घातली, कोठे सुगरणीचे खोपे आहेत, कोठे साप वारंवार निघतो आणि कोठे कचरा टाकला जातो, हे सारे त्या त्या प्रभागातले लोकच सांगू शकतात. गुराखी आणि सर्पमित्र यांना तर ते पाठ असते. जमीन महसूल खात्याची असेल तेथे तहसीलदारांची परवानगी लागेल, ले-आऊटची असेल तेथे भूखंडधारकांची बैठक घ्यावी लागेल, आणि खासगी भूखंडाच्या मालकाला निदान कचरा उचलण्याची नोटीस देता येईल.

सुरुवात एकाच जागेपासून केली तरी चालेल. ती ले-आऊटच्या दहा टक्क्यांतलीच असावी, कारण तिच्यावर कोणाची शेती नाही, कोणाचे घर नाही, आणि नकाशात ती आधीच हिरवी आहे. दिवाळीनंतर तिथले निम्मे गवत कापून झाले, की कोणत्या बाजूचे कापले ते नोंदवहीत लिहून ठेवायचे, म्हणजे पुढच्या वर्षी दुसऱ्या बाजूचे कापता येईल.